आगळ, ५०० मिली

चावडीवर माझं दुकान.
लग्नपत्रिका, जत्रेच्या नाटकाची हँडबिलं,
पेद्रूच्या आईच्या महिन्याच्या मिसाचं कार्ड,
आणि अलीकडे लेबलं: पापड, फणसाचं साठ, नाचण्याचं सत्त्व.
सगळ्यांना कोपऱ्यात एक हिरवं पान हवं असतं
आणि खाली '१००% नैसर्गिक'.
शंभर टक्के कशाचे, मी विचारत नाही.
पान तयार असतं माझ्याकडे, तीन आकारांत.

शाणी वेळीप गावडोंगरीहून तीनच्या बसने आली.
पिशवीत बाटली, बाटलीत भिरंडांचा रस,
मीठ घालून उन्हात धरलेला,
इतका गडद की माझी ट्यूबलाइट त्यात बुडून गेली.
सोबत भाच्याने लिहून दिलेला कागद:
'कोलेस्टेरॉल घटवते. वजन उतरवते.
पित्त, मधुमेह, सांधेदुखीवर रामबाण.'

मी टाइप केलं असतंच.
पण गेल्या वर्षी खोल्याच्या मधवाल्याने
याच काउंटरवर बसून ब्लेडने खरवडली होती
चारशे लेबलं, मी छापलेली.
म्हणून म्हटलं, बाय, रोगाचं नाव घालता येत नाही.
आणि 'घटवते' म्हणायचं तर दाखवावं लागतं
किती, कुणाचं, किती दिवसांत,
आणि ज्यांना दिलंच नाही त्यांचं काय झालं.

हे शेवटचं तिने स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं.
ज्यांना दिलंच नाही.
मग म्हणाली, आमच्या वाड्यावर असं कोण ना.

भाच्याला फोन लावला. त्याने शोधनिबंध पाठवला.
मी वाचला, कळला तेवढा.
उंदीर अठ्ठेचाळीस. आठवडे सहा.
सालीचा कोरडा अर्क, नळीने, वजन करून.
मीठ कुठेच नाही.
'म्हणजे ते आगळ न्हंयच,' शाणी म्हणाली,
आणि निबंध मिटला.

मग उरला तक्ता.
प्रयोगशाळेचा रिपोर्ट तिने
रेशनकार्डाच्या प्लास्टिकमधून काढला, घडीवर घडी.
ऊर्जा. कर्बोदकं. प्रथिनं, नावाला.
घातलेली साखर शून्य
(हात शिवशिवला, शून्य फार छान दिसतं लाल पट्टीवर).
सोडियम, शंभर मिलीला,
चार हजार एकशे साठ मिलिग्रॅम.

चार अंकी तो एकटाच.
बाकीचे त्याच्यापुढे पोरंसोरं.
हें कितें? तिने विचारलं.
मीठ, म्हटलं.
मीठ तर मीच घातलं.
मग गप्प. मग: दोन चमचे घेतलं तर?
मी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. चारशे सोळा.
दिवसातून दोनदा घेतलं तर?
आठशे बत्तीस.
कोण घेतं दोनदा, ते मी विचारलं नाही.
ती बाहेर बघत होती. मडगावची गाडी लागली होती,
कंडक्टर कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होता.

नियम सांगतो, अक्षर अमुक मिलिमीटरहून लहान नको.
मोठं किती, त्याबद्दल नियमाचं काही म्हणणं नाही.
तिने स्क्रीनवर बोट टेकवलं, काचेवर ठसा उठला.
ही ओळ वाढव.
किती?
चष्मा घरी राहिला माझा, म्हणाली. मला दिसेल इतकी.

दहा पॉइंट. बारा. चौदा.
पान कोपऱ्यातून आपोआप बाहेर पडलं.
सोळाला म्हणाली, पुरे.
रामबाणाच्या जागी काय घालू?
गावडोंगरी घाल.
आणि उन्हं किती दिवस लागली ते.

सात.
मी सात टाइप केलं.
कोणी पुरावा मागितला, म्हणाली,
तर खळ्यातल्या फातरावर डाग आहेत अजून.